येसू कासारणीने अडवलेला चुडा

हिवरखोऱ्याच्या वेशीवरची चिंच तेव्हा गुडघाभर उंच होती, त्या काळची ही गोष्ट. गावात येसू नावाची कासारीण होती. पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या बायका तिच्याकडूनच बांगड्या भरायच्या. डोळे मिटून नुसतं मनगट धरलं तरी ती बाईचं नाव सांगायची, असं म्हणतात.

एका वैशाखात शेळक्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. घरच्या बायकांना हिरवा चुडा भरायला येसू पेटारा घेऊन आली. थोरली सून मैना पुढे बसली. येसूने तिचा हात धरला आणि उलटून पाहिला. तळवा जाड, मखमलीसारखा झाला होता. मानेवर काळी झाक चढली होती आणि गालांवर तान्ह्या बाळासारखी मऊ लव उगवली होती. जेवण जात नाही, एवढंच मैना हळूच म्हणाली.

येसूच्या सख्ख्या बहिणीला अशीच लव आली होती. अंगात देवी आली म्हणून सगळ्यांनी तिची ओटी भरली, येसूनेही भरली. अन् पोटातल्या गाठीने बहीण गेली.

येसूने पेटारा मिटला. "हिला आधी नदीपलीकडच्या दवाखान्यात न्या. तोवर या हातात मी बांगडी भरणार नाही."

झालं! सासूचा, तुळसाबाईचा पारा चढला. लग्नघरात सवाष्णीचे हात रिकामे? तिने येसूला नाही नाही ते ऐकवलं आणि शेजारच्या गावचा कासार बोलावला. पण त्याने चढवलेली प्रत्येक बांगडी मनगटावर येताच वाढली, असं म्हणतात. फुटली म्हणायचं नाही हं, वाढलीच म्हणायचं. अंगणात हिरव्या काचांचा ढीग झाला, तरी मैनाचे हात मोकळेच. येसू मात्र दारात उन्हात बसून राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटी तुळसाबाई बाहेर आली आणि तिने गाडीला बैल जुंपायला सांगितले.

दवाखान्यात मैनाच्या पोटात गाठ निघाली. अजून लहान होती, डॉक्टरांनी कापून काढली. पुढे लव गळाली, तळवा पहिल्यासारखा झाला. मग तुळसाबाईनेच येसूला पाटावर बसवलं आणि सुनेच्या हातात चुडा भरून घेतला.

आजही हिवरखोऱ्यात पहिली बांगडी चढवण्याआधी कासारीण तळवा उलटून बघते, मानेवर बोट फिरवते, गाल उजेडात धरते आणि म्हणते, "येसूकाकी, बघ गं." बहुतेकींचं काही निघत नाही. पण शंका आली, तर त्या बाईच्या बांगड्या ती दोऱ्यात ओवून आपल्या दारावर टांगते आणि ती बाई दवाखान्यातून आल्यावरच त्या भरते. बांगड्या फार दिवस तशाच लोंबत राहिल्या, तर कासारीण पेटारा घरी ठेवते आणि त्या बाईच्या दारात जाऊन बसते.