गजाबानं एक्सलचा बूट बदलला

बोरखेड नावाच्या गावी गजाबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

त्याच्याकडे वीस वर्षांची जुनी गाडी होती. पुढच्या चाकामागे एक्सलच्या सांध्यावर ग्रीस आत धरून ठेवणारा रबरी बूट असतो, तो फाटला आणि ग्रीस बाहेर उडायला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तालुक्याला. तीन महिने हेलपाटे घातल्यावर मिळालेली तारीख. मेकॅनिक इसाकभाई परगावी गेलेला. तो म्हणाला, "सामान दुकानातून घे, बूट घरीच बदल. मी फोनवर सांगतो."

गजाबानं जॅक लावून चाक उचललं आणि मग नट सोडायला घेतले. पान्याबरोबर चाकही फिरायला लागलं. तासभर फिरत होतं.

"गजाभाऊ, आधी सैल करायचं, मग उचलायचं," इसाकभाई म्हणाला.

"ध्यानात ठेवतो."

चाक निघालं, एक्सल निघाला. तोवर अंगणात ऊन आलं. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. बायको हौसा म्हणाली, "अहो, आईची बाज उचलून जरा सावलीत घ्या."

गजाबानं आधी बाजेची दोरी सैल केली. सासूबाई खाली जमिनीवर.

"जावईबापू, बाज कुठं गेली हो?" सासूबाईंना तसंही कमीच दिसायचं.

"हलवायच्या आधी बसलेल्या माणसाला उतरवायचं असतं," हौसा दात आवळून म्हणाली.

"ध्यानात ठेवतो."

नवा बूट चढला. त्याच्या तोंडाच्या दोन्ही पट्ट्या आवळून गजाबानं इसाकभाईला फोन लावला.

"ग्रीस किती भरलंस?"

"कुठं?"

इसाकभाई ओरडला, "तोंड बांधायच्या आधी आत ग्रीस भरायचं, गजाभाऊ. हात राखायचा नाही."

"ध्यानात ठेवतो."

पट्ट्या काढल्या, ग्रीस भरलं, बूट बसला, चाक लागलं. संध्याकाळी हौसा म्हणाली, "डॉक्टरांचे कागद पिशवीत ठेवलेत. तेवढं तोंड बांधा."

डब्यात अर्धं ग्रीस उरलं होतं. गजाबानं हात राखला नाही.

हौसानं एकेक रिपोर्ट जुन्या लुगड्यानं पुसला. "आता कशाला हात लावू नका. सकाळी फक्त गाडी हलवा."

सकाळी सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. हौसा परसदाराला कुलूप लावायला गेली. गजाबानं गाडी सुरू केली आणि त्याला आठवलं.

"सासूबाई, उतरा."

"का हो?"

"गाडी हलवायचीय."

त्यानं त्यांना हात धरून उतरवलं, अंगणात खुर्चीवर बसवलं आणि गाडी हलवली. वळणावरसुद्धा ग्रीसचा थेंब उडाला नाही. आठच्या आत तो दवाखान्यात.

नर्सनं तेलकट कागद दोन बोटांत धरले. "पेशंट कुठंय?"

"घरी, खुर्चीवर."

"अहो, ऑपरेशन त्यांचं आहे. घरी का ठेवलंत?"

"आजच्या दिवशी धोका नको," गजाबा म्हणाला. "काल न उतरवता हलवायला गेलो, तर पडल्या."