दोन हजार वॅटचा हीटर

आरोग्य केंद्रात बाळंतिणींच्या अंघोळीचं पाणी तापेना, म्हणून हीटर पुरवणाऱ्या दौलतराव ठेकेदारांना बोलावलं.

"दोन हजार वॅटचा हीटर दिलाय! तुम्हा बायकांनाच धीर नाही," ते नर्सबाईंवर खेकसले.

वायरमनचं काम करणाऱ्या अनसूया लोहारने मीटर लावला. "व्होल्टेज दोनशे तीस, करंट फक्त दोन अँपिअर. गुणाकार केला की चारशे साठ वॅट. भागाकार केला की रोध एकशे पंधरा ओहम. दोन हजार वॅटच्या कॉइलचा जेमतेम सव्वीस असतो."

"मला शिकवतेस?" दौलतराव लालबुंद झाले.

"छे हो साहेब! हीटर तासाभरात तापला नाही, तुम्ही मात्र चुटकीसरशी तापलात. आजच्यापुरतं हंड्यात तुम्हीच बसता का?"

बाळंतिणीसुद्धा खो खो हसल्या. दुपारच्या आत दौलतराव मान खाली घालून नवा हीटर घेऊन आले.