तीन उंदीर

"...मग यात माझी चूक काय, मास्तर? फाशानं मारलं तिला. मी नाही."

निनाद तावातावानं बोलत होता. साहसाचा खेळ चालवायला तो ढवळीकर मास्तरांकडेच शिकला. कागदावर भुयार आखायचं, मित्रांनी आपापली पात्रं घेऊन त्यात उतरायचं, आणि वाटेत कोण आडवं येणार ते फासा टाकून यादीत बघायचं; झुंजीत कोण वाचणार, कोण मरणार हेही फासाच ठरवायचा. आता गावात त्याच्या खेळाचा बोलबाला होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पण मृदुला खेळ सोडून गेली होती. सहा वर्षं जिवापाड जपलेलं तिचं पात्र, कालिंदी, भुयारातल्या तीन फालतू उंदरांनी मारलं. मृदुलानं कालिंदीचा कागद फाडला, चपला घातल्या आणि निघून गेली. तेव्हापासून ती त्याचा फोन उचलत नव्हती, आणि तिच्यासारखी मैत्रीण त्याला दुसरी नव्हती. फासा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एवढं मास्तरांनी म्हणावं, म्हणजे तो तिला तसं कळवणार होता.

मास्तरांनी यादी मागितली. चारच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, तीन उंदीर.

"चारच पडला?"

"देवाशप्पथ."

"आणि याआधी तिच्यावर वाईट फासा कधी पडलाच नाही?"

"पडायचा," निनाद म्हणाला. "मी पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकायचो. तिला चांगला आकडा सांगायचो."

"सहा वर्षं?"

त्यानं मान डोलावली.

"मग त्याच दिवशी खरं का सांगितलंस?"

घरून निघताना निनादनं सगळी उत्तरं घोकून ठेवली होती. नेमकं हेच राहिलं होतं.

"त्या दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली... तुझ्या भुयारात भीतीच वाटत नाही."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि 'तीन उंदीर' खोडलं. तिथे निनादचं नाव लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला.

निनाद त्या ओळीकडे बघत राहिला. त्याला स्वतःची किळस आली. अगदी बारीक आवाजात त्यानं विचारलं, ती परत येईल का.

"सहा वर्षांत पहिल्यांदाच," मास्तर म्हणाले, "पुढे काय येणार ते तुला माहीत नाही."