उद्याची सुट्टी

पार्सल पोचवताना कालिंदी ढमालेचा हात मोडला आणि कंपनीने हात झटकले. हात जुळल्यावर ती कामावर परतली आणि कामगार न्यायालयातही गेली, पण तिच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी धजावेना. सुनावणीच्या दिवशी मॅनेजर बर्व्यांनी ‘ताई’ म्हणत चहा पुढे केला. कालपर्यंत ‘ए ढमाले’ म्हणणारा माणूस! तिने कपाला हात लावला नाही.

आत बर्वे न्यायाधीशांना म्हणाले, “ही आमची नोकर नाहीच, साहेब. स्वतंत्र ठेकेदार आहे. मनात येईल तेव्हा यावं, मनात येईल तेव्हा जावं.”

“बरं झालं,” कालिंदी म्हणाली. “मग उद्या मी येत नाही.”

“कुणाला विचारून?” बर्वे सवयीने खेकसले. “सणाची गर्दी आहे! सुट्टीबिट्टी मिळणार नाही!”

कालिंदी न्यायाधीशांकडे वळली. “साहेब, मला साक्षीदार मिळत नव्हता. आत्ता मिळाला.”