इवली, टिवली आणि वेणीमावशी

गार्गीच्या गुडघ्यात दोन बहिणी राहायच्या. कातडीच्या दोन चिमुकल्या पेशी. एक इवली, एक टिवली. कायम हातात हात.

एकदा गार्गी पडली. धप्प! गुडघा खरचटला. खर्रर्र! हात सुटला. टिवली पलीकडे, इवली अलीकडे.

इवलीने घाबरून मूठ आवळली. टिवलीकडे निघाली. सरक सरक, सरक सरक.

वाटेत आडवी पडली होती वेणीमावशी. कातडीला खालून धरणाऱ्या कोलॅजनची जाड, तिपेडी वेणी. आता पार पिंजलेली.

"मावशी, मावशी, वाट दे!"

"कशी देऊ गं बाळा? कात्रीकाकू कापेल, तर मी सुटेन."

सरक सरक, सरक सरक.

कात्रीकाकू म्हणजे अंगातलं एक विकर, एन्झाइम. कोलॅजन कापणं हेच तिचं काम.

"काकू, काकू! वेणी सुटेना, वाट मिळेना, टिवली भेटेना. काप ना!"

पण काकूच्या तोंडावर टोपण!

"उं उं! टोपण निघेल, तर मी कापेन."

"टोपणदादा! कात्री कापेना, वेणी सुटेना, वाट मिळेना, टिवली भेटेना. नीघ ना!"

"मी बसलोय घट्ट. पेंगूमामा ओढेल, तर मी निघेन."

पेंगूमामा म्हणजे रक्तातलं आणखी एक विकर, सदा झोपलेलं.

सरक सरक, सरक सरक.

"पेंगूमामा! टोपण निघेना, कात्री कापेना, वेणी सुटेना, वाट मिळेना, टिवली भेटेना. ऊठ ना!"

"घुर्रर्र... मला उठवणारा थेंब तुझ्याच मुठीत आहे, वेडाबाई! पण बघ हं. मग मावशी राहायची नाही."

इवली थबकली. जन्मल्यापासून मावशीनेच तिला खालून धरलं होतं.

ती मागे फिरली. सरक... सरक...

"मावशी गं, तू नको ना जाऊस!"

"मी तर कधीच तुटले, बाळा. पलीकडे टिवली रडतेय. उघड मूठ."

इवली रडली. खूप खूप रडली. मग मामापाशी जाऊन तिने मूठ उघडली.

टप्प! थेंब पडला, मामा उठला.

मामा उठला, टोपण निघालं.

टोपण निघालं, कात्री चालली. कच्च! एकदाच.

कात्री चालली, वेणी सुटली. एक पेड, दोन पेड, तीन पेड. सुळ्ळकन विरघळले.

वेणी सुटली, वाट मिळाली.

वाट मिळाली, टिवली भेटली!

टिवलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"मावशी दिसत नाही गं?"

इवलीने तिला जवळ ओढलं.

"तिनेच वाट दिली," ती म्हणाली.

जखम मिटली. गोष्टही मिटली.