ठकूबाईनं लुगड्यानं मोजलेलं तळं

तळ्याच्या बांधावरचा वड अजून कमरेएवढाही झाला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. कुसळवाडीत तेव्हा नावाप्रमाणे कुसळंच उगवायची. आजूबाजूची गावं आमची टर उडवायची. कुसळवाडीला जेवायला जावं आणि आमटीच्या वाटीत आपलंच तोंड बघून यावं, म्हणायची. ऐकायला झोंबतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. भाकरी, मिरची आणि ते पातळ पाणी, एवढ्यावर गाव दिवस काढायचं.

आता तुम्ही विचाराल, तळं होतं तर भाजीपाला का नव्हता? होतं ना तळं. संक्रांत झाली की पाणी मागं सरायचं आणि काळाभोर गाळ उघडा पडायचा. असा गाळ की नुसतं बी फेकावं आणि बघत बसावं. पण गावात आळ्या दोन. वरची आळी म्हणायची, बांध आमच्या पणजोबांनी घातला, म्हणून गाळ आमचा. खालची आळी म्हणायची, तळ्याखाली बुडाली ती रानं आमच्या पणजोबांची, म्हणून गाळ आमचा. दोन्हीकडची माणसं इतकी हट्टी, की शेवटी तो गाळ म्हशींच्या वाट्याला जायचा. म्हशी मजेत लोळायच्या आणि माणसं बांधावरून एकमेकांकडे डोळे वटारून बघायची.

ठकूबाई वरच्या आळीची लेक आणि खालच्या आळीची सून. वर तिला ठकूआक्का म्हणत, खाली ठकूवैनी. घरात ती आणि तिची नात सारजा, दोघीच. सारजा दिवसभर हुंदडायची, पण दिवेलागण झाली की तिला दिसेनासं व्हायचं. उंबऱ्याला अडखळायची, ताटातली भाकरी चाचपडत शोधायची. गावातल्या बऱ्याच पोरांची तीच तऱ्हा होती आणि लोकांना वाटायचं, पोरं अशीच असतात. पण एका सांजेला सारजा आजीच्या अगदी समोर उभी राहून म्हणाली, "आजी, तू कुठं हाईस?" 

गावावरून जाणाऱ्या एका वैदूला तिनं गाठलं. वैदू म्हणाला, "ह्याचं औषीद माझ्या झोळीत न्हाई, माय. पोरीला हिरवा पाला खाऊ घाल. माठ, राजगिरा, लाल भोपळा. रोज घाल. लई उशीर केलास तर दिवसाबी दिसायचं न्हाई."

ठकूबाईनं राखेत जपलेलं बी गाडग्यातून काढलं, पदरात बांधलं आणि सरळ गाळात उतरली. म्हशी हाकलल्या. ही बातमी पोहोचायला कितीसा वेळ लागणार? दोन्ही आळ्या काठ्या घेऊन बांधावर आल्या. वरच्यांच्या पुढं येसबा, म्हणजे तिचा चुलतभाऊ. खालच्यांच्या पुढं धुळोजी, तिचा दीर.

"आक्का, सासरच्यांसाठी गाळ धराय आलीस व्हय?" येसबा म्हणाला.

"वैनी, म्हायेरच्यांनी धाडलंय न्हवं तुम्हाला?" धुळोजी म्हणाला.

ठकूबाई गुडघाभर चिखलात उभी होती. ती तिथूनच बोलली, "येसबा, म्हायेराहून लेकीला भाजीची एक जुडी मिळत न्हाई व्हय रं? आन् भावजी, सून सासरच्या रानात राबली तर तुमचं नाक कापलं जातंय व्हय? गाळ कुनाचा, त्ये तुम्ही दोघं बसून ठरवा. तवर माझ्या नातीला दिसाय पायजे. तुमची पोरं तिन्हीसांजंला भिंती चाचपत चालत्यात, त्येंचं काय करायचं, त्ये बी जमलं तर ठरवा."

दोघांच्याही घरात तशी पोरं होती. काठ्या खाली आल्या.

दर घराला एक वाफा द्यायचं ठरलं, तर मोजायचं कुणाच्या दोरीनं यावर भांडण. तेव्हा ठकूबाईनं बांधावर वाळत घातलेलं आपलं दुसरं लुगडं उचललं. "लेक ह्येच नेसती आन् सूनबी ह्येच नेसती," म्हणाली. एक लुगडं लांब, एक लुगडं रुंद, असा एकेक वाफा तिनं आखला. आणि बाई मोठी खट्याळ. वरच्या आळीच्या वाफ्याला लागून खालच्या आळीचा, पुन्हा वरच्या आळीचा, अशी तिनं गुंफणच घातली. आपल्या आळीचा शेजार कुणालाच मिळाला नाही. असं म्हणतात, की सगळा गाळ मोजून झाला तरी लुगड्याला चिखलाचा ठिपका लागला नाही. शेवटची घरं उरली आणि जागा संपली, तेव्हा पाणी आपण होऊन आणखी मागं सरलं, असंही म्हणतात. आम्ही ते खरं मानतो.

आता आमच्या वाडवडिलांची अक्कल बघा. बी रुजलं, कोवळी पानं दिसू लागली, आणि ज्यानं त्यानं आपल्या वाफ्याला बोराटीच्या काट्यांचं छातीएवढं कुंपण घातलं. शेळ्यांसाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी. कुंपणाला कुंपण भिडलं. पाण्यासाठी बुडकी, म्हणजे छोटी उथळ विहीर, खणली होती मधोमध, पण तिच्यापर्यंत जायला कुणी वाटच ठेवली नाही. धुळोजी तर कुंपण घालता घालता आतच अडकला. बाहेर निघायला येसबाला हाक मारावी लागली असती, म्हणून हा पठ्ठ्या ऊन उतरेपर्यंत आत गप्प बसून राहिला.

बायका घागरी घेऊन काठाला उभ्या आणि रोपं माना टाकू लागलेली. तू आधी काढ, नाही तू आधी काढ, यात आणखी एक सकाळ गेली.

ठकूबाईचा वाफा बुडकीला लागूनच होता. तिला एकटीला पाण्याची ददात नव्हती. तिचा माठ वीतभर वाढला होता आणि लवकरच तो सारजाच्या ताटात पडणार होता. तिनं एकवार त्या माठाकडं पाहिलं. मग आपलं कुंपण उपसलं आणि तो माठ पायाखाली तुडवत बुडकीपासून येसबाच्या कुंपणापर्यंत वाट पाडली. तुडवताना ती रडत होती, पण थांबली नाही.

"माझा वाफा आता वाट झाली," ती म्हणाली. "तुझं काटं काढ, येसबा."

येसबाला ठाऊक होतं, तुडवला तो पाला कुणासाठी होता. त्यानं कोयता आणायलाही वेळ घालवला नाही. हातानंच काटे उपसले. त्याच्या पलीकडं धुळोजीनं उपसले, मग त्याच्या पलीकडच्यानं. दिवस कलायच्या आत बुडकीपासून काठापर्यंत सरळ वाट झाली. ठकूबाईच्या पावलांमागून पाण्याचा पाट आपोआप वाहत गेला, असं म्हणतात.

ठकूबाईचा वाफा गेला, पण तिची चूल मात्र रोज हिरवी. पहिला तोडा निघाला तसं प्रत्येक घर तिच्या दारात जुडी ठेवून गेलं. आज वरच्या आळीचा राजगिरा, उद्या खालच्या आळीचा माठ. कुंपणं गेल्यावर एकाच्या वांग्याबदली दुसऱ्याचा मुळा जाऊ लागला, बायका एकमेकींना बी मागू लागल्या. धुळोजीचा वेल येसबाच्या वाफ्यात शिरला आणि तिथं असा भोपळा धरला, की तो चिरायला सुतार बोलवावा लागला, असं म्हणतात.

तो भोपळा तोडला त्या दिवशी सगळं गाव तळ्यावर होतं. दिवस मावळला. ठकूबाईनं सारजाला वाटेच्या एका टोकाला उभं केलं. पलीकडच्या टोकाला दोन्ही आळ्या उभ्या. मग तिनं विचारलं,

"सारजे, कोन दिसतंय गं?"

पोरीनं डोळे बारीक करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "येसबाआजा दिसतोय. धुळाआजाबी हाय. दोघांनी मिळून भोपळा धरलाय." आणि मग म्हणाली, "आजी, धुळाआजा रडतोय."

ठकूबाईला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणास ठाऊक. पण आमच्या गावात आजही पाणी सरलं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई आपलं लुगडं देते आणि त्यानं वाफे आखले जातात. लेकीला, सुनेला, काल गावात राहायला आलेल्यालाही वाफा मिळतो. शेजार दुसऱ्या आळीचाच असतो. कुंपण कुणी घालत नाही. बुडकीकडं जाणारी ती ठकूची वाट, तिच्यात कुणी मेथीचं बीसुद्धा टाकत नाही. बाजारात कुसळवाडीची भाजी आली म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडं वळत नाही, आणि दुसऱ्या गावांची माणसं आमच्याकडं वाफे कसे आखायचे ते शिकायला येतात.

आणि पहिल्या तोड्याच्या सांजेला गावातलं नुकतं बोलू लागलेलं पोर त्या वाटेवर उभं करतात. समोर सगळं गाव उभं राहतं. म्हातारी विचारते, "कोन दिसतंय?" पोर बोट दाखवत एकेकाचं नाव घेतं. एखादं नाव त्याला येत नसेल, तर तो माणूस पुढं येऊन आपलं नाव सांगतो. सगळी नावं घेऊन होईपर्यंत कुणी घरी जात नाही.