कवाडावरच्या गांधीलमायेची कहाणी

ऐका गांधीलमाय, तुमची कहाणी. नगर म्हणावं तर नगर नव्हतं. आटपाट वाडी होती, सतरा उंबऱ्यांची. वाडीच्या टोकाला एक घर होतं. घरात दोघी राहत. एक सासू, एक सून. सुनेचं नाव गोजरा. गोजराचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर घाट उतरून गेला, तो सात वर्षं परतला नाही. सासू म्हणे, आज येईल. सून म्हणे, उद्या येईल. मग दोघी भाकरी खात, आणि कामाला लागत.

एका वर्षी काय झालं? अंगणाच्या कवाडावर आडवं लाकूड होतं, त्याला गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. आधी बोराएवढं, मग लिंबाएवढं, मग वाटीएवढं. पिवळ्या-तांबड्या माश्या लांब पाय लोंबकळत उडत. कवाड हललं की डसत. पहिल्या दिवशी शेजारणीला डसल्या. दुसऱ्या दिवशी गाईला डसल्या. तिसऱ्या दिवशी सासूच्या कानाला डसल्या. कान वड्यासारखा सुजला.

सासू म्हणाली, "सूनबाई, जाळ मेल्यांना."

गोजरा म्हणाली, "लेकुरवाळ्या आहेत हो सासूबाई. थंडी पडली की आपल्या आपण जातील."

"आणि तोवर आपण कुठून जायचं? आभाळातून?"

"मागल्या दारानं."

मग गोजरा कवाडापासून चार हात लांब उभी राहिली. हात जोडले. म्हणाली, "गांधीलमाय, तुझा वसा घेते. दगड मारणार नाही. धूर करणार नाही. तुझ्या घरावर सावली पाडणार नाही. तुझं तुला, माझं मला. थंडी पडली की तू जा." कवाडाला बोरीची काटेरी फांदी आडवी लावली, कुणी चुकून शिरू नये म्हणून. दूर कुंपणाशी करवंटीत पाणी ठेवलं. मागल्या दाराला चिखल फार. मग ती रोज ओढ्यावर गेली, रोज एक चपटा दगड डोक्यावरून आणला, चिखलात बसवला. दगड अगदी जवळ जवळ बसवले. सासू म्हणाली, "चिमण्या चालणार आहेत का यावरून?" गोजरा हसली.

माश्यांनी वसा पाळला. दोडक्याच्या वेलावरच्या अळ्या उचलून नेल्या. त्या वर्षी दोडक्याला कीड लागली नाही.

मग श्रावण आला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गोजरानं भावाचा उपास धरला. तिला एकच भाऊ, धाकटा, म्हादू. दोन दिवस चालत मुराळी होऊन आला, बहिणीला माहेरी न्यायला. खांद्यावर गाठोडं, गाठोड्यात लाह्या, खण, हिरव्या बांगड्या. कवाडाशी आला, काटे दिसले. हाक मारली, "आक्का!"

"म्हादू, तिथंच थांब! हात लावू नको! मागून ये."

"मागून? मी काय चोर आहे?"

"चोर नाहीस, शहाणा आहेस. मागून ये."

म्हादू मागून आला. दगड जवळ जवळ, त्याचं पाऊल लांब, दोनदा घसरला, गुडघ्यापर्यंत चिखल. सासूनं पाहिलं. म्हणाली, "आले का मुराळी? आमच्याकडे मागल्या दारानं मांजर येतं. बसा. दूध नाही, पाणी आहे."

म्हादूला राग आला. बहिणीनं डोळ्यांनी दटावलं, म्हणून गिळला.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, भाजायचं नाही. तवा चढला नाही. दिंडं उकडली, नागोबा पुजला. गोजरा नवा खण ल्याली, बांगड्या भरल्या. सासूच्या पाया पडली. सासू म्हणाली, "ये जाऊन. चार दिवस म्हणून चाळीस राहू नको." मग बहीण-भाऊ मागल्या दारानं निघाले.

त्या वाडीत रीत होती. बायको टाकली, की तिला मागल्या दारानं लावून देत. पाणंदीला दोन शेजारणी उभ्या होत्या. एक म्हणाली, "अगं बाई, गोजरा मागल्या दारानं निघाली. शेवटी टाकली म्हणायची का?" दुसरी तोंडाला पदर लावून हसली. थट्टाच होती. गोजराही हसली. म्हणाली, "टाकायला घरी कुणी असावं लागतं बयांनो."

म्हादू हसला नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. गाठोडं टाकलं, मागं फिरला. म्हणाला, "माझी बहीण पुढल्या दारानं जाईल."

"म्हादू, नको."

"सगळ्या वाडीनं बघावं."

"म्हादू, माझा वसा आहे."

"माश्यांचा कसला वसा?"

"म्हादू, आज भाजायचा दिवस नाही रे."

तीनदा म्हणाली. त्यानं तीनदा ऐकलं नाही. वेळूच्या टोकाला चिंधी गुंडाळली, तेलात बुडवली, चुलीत धरली. भर दुपारी कवाडाखाली उभा राहिला आणि पलिता वर नेला.

पुढचं भराभर सांगायचं. हळू सांगवत नाही. पोळं पेटलं. माश्या उठल्या. म्हादू पलिता सोडून डोळे झाकून उभा राहिला. गोजरा धावली, त्याला खाली ओढलं, अंगावर पदर टाकला, वर आपण पडली. नव्या खणावर माश्या बसल्या. हातावर बसल्या. गळ्यावर बसल्या. त्या उडून गेल्या तेव्हा गोजराला श्वास पुरेना. गळा आतून सुजला. सासूनं चुना लावला, कांदा लावला, पाणी शिंपडलं. गोजरा म्हणाली, "म्हादू, तुला कुठं लागलं का रे?"

"नाही आक्का."

त्याला सात ठिकाणी लागलं होतं. मग ती बोलली नाही.

कवाड मोकळं झालं होतं. काटे बाजूला पडले होते. गोजरा पुढल्या दारानं गेली. चौघांच्या खांद्यावरून गेली. सगळ्या वाडीनं बघितलं.

सासू उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "नेलंस हो पुढल्या दारानं." मग तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी म्हादू अंगणात आला. वर पाहतो तो काय, सात-आठ माश्या उरलेल्या, जळक्या लाकडाला पुन्हा घर धरतायत. म्हादूनं वेळू उचलला, चिंधी गुंडाळली. मागून कुणी म्हणालं, "पेटव बाबा. मग मी डसते. मग तू पुन्हा पेटव."

वळून पाहिलं तो एक म्हातारी. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचं लुगडं, कमर मुठीएवढी, एक बाजू भाजलेली. कुंपणाला टेकून उभी.

"तू कोण?"

"तुझ्या बहिणीनं जिचा वसा घेतला ती."

म्हादू तिच्या पायावर पडला. म्हणाला, "माझी आक्का दे."

"मला देता येत नाही. मला डसता येतं."

"मग तू देव कसली?"

"अंगणातली आहे. लहान आहे. मोठ्यांकडे जाऊन बघ, ते काय देतात." म्हातारी खाली बसली. म्हणाली, "माझीही लेकरं जळली. एका घरात एक, अशी होती. त्यांच्यासाठी मी डसले, ती तिला. मला तुलाच डसायचं होतं, ती मधे आली. मी दमले रे. तू नाही दमलास?"

म्हादूनं तोंड झाकलं. म्हणाला, "दमलो."

"मग ऐक. तिचा वसा अर्धा राहिला. थंडी पडेपर्यंतचा होता. तू पुरा कर. दगड नाही, धूर नाही, सावली नाही. याच अंगणात राहा, याच म्हातारीपाशी राहा, मागल्या दारानं ये-जा कर."

"केला तर काय मिळेल?"

"थंडी पडेल," म्हातारी म्हणाली, आणि दिसेनाशी झाली.

मग म्हादू राहिला. माहेरी निरोप गेला, बहिणीचा गेला, त्याचा गेला. तो गोठ्यात निजे, गाय चारी, करवंटीत पाणी भरी. सासू बोलत नसे. भाकरी उंबऱ्यावर ठेवी आणि पाठ करी. ती आतून सांडशी आपटी, म्हणजे गाईचं पाणी संपलं. दोनदा आपटी, म्हणजे सरपण संपलं. असं त्यांचं बोलणं.

भाद्रपदात एक माशी त्याच्या भुवईला डसली. डोळा मिटला. हातात दगड आला. दगड त्यानं बराच वेळ धरला, मग ओढ्यावर नेऊन टाकला.

आश्विनात वाडीतले चौघे गवताची पेटती चूड घेऊन आले. म्हणाले, "म्हादू, बाजूला हो. बाई खाल्ली या पोळ्यानं. आमची पोरं याच वाटेनं जातात."

म्हादू म्हणाला, "बाई पोळ्यानं नाही खाल्ली. मी खाल्ली. पोरांना मी पाणंदीनं पोचवीन, रोज पोचवीन. चूड विझवा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चूड विझवली. मग तो रोज पोरं पोचवू लागला.

कार्तिकात काही झालं नाही, आणि तेच जड गेलं. राग सरला, रडं सरलं. उठावं, पाणी भरावं, भाकरी गिळावी, पोरं पोचवावी, पुन्हा पाणी भरावं. एके सकाळी त्याला वाटलं, निघून जावं. पोळ्याला काही करू नये, नुसतं जावं. तो मागल्या दारानं निघाला. दगडावर पाय ठेवला. दगड जवळ जवळ. लांब पाऊल टाकावं तर घसरतं, म्हणून आखूड टाकायचं. एक दगड, दुसरा दगड, तिसरा दगड. शेवटच्या दगडावर पोचेपर्यंत त्याच्यानं पुढं जाववेना. म्हणाला, आक्काचं पाऊल एवढंसं होतं, मला ठाऊक नव्हतं. मग मागं फिरला, करवंटी भरली.

मार्गशीर्ष लागला. थंडी पडली. एक माशी गेली, दोन गेल्या, सगळ्या गेल्या. तीन दिवस त्यानं वाट पाहिली. मग पोळं अलगद काढलं. हलकं, जुन्या कागदासारखं. घरंच घरं, सगळी रिकामी. वसा पुरा झाला. म्हातारी आली नाही, कुणी प्रसन्न झालं नाही. थंडी मात्र पडली होती.

म्हादूनं सासूला नमस्कार केला. सासूनं पाठ केली. मग तो पोळं पंच्यात बांधून दोन दिवस चालत घरी गेला. आई दारात होती. तिनं त्याच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तिनं पोळं हातात घेतलं, बोट फिरवलं. म्हणाली, "एवढी घरं केली, आणि गेली." मग देवापाशी ठेवलं. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "ती म्हातारी एकटी राहिली असेल रे."

वर्ष सरलं. पुन्हा श्रावण तोंडावर आला. म्हादूनं गाठोडं बांधलं. लाह्या घेतल्या, खण घेतला. दोन दिवस चालत वाडीला आला. कवाडावर पाहतो तो, नव्या माश्यांनी पोळं धरलेलं, लिंबाएवढं. बोरीची फांदी आडवी लावलेली. कुंपणाशी करवंटी, करवंटीत पाणी. म्हादू जरा थांबला. मग वळसा घालून मागल्या दारानं आत आला.

सासू जोंधळे निवडत होती. वर्षात वाकली होती. त्याच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. आणि बोलली. म्हणाली, "कुणाला न्यायला आलास? या घरात आता नेण्यासारखी कोण आहे?"

"तुम्हाला, मावशी."

"मला?"

"आईनं बोलावलंय. नागपंचमीला माहेरी या म्हणाली."

सासूच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. तीन भाऊ होते. पहिल्या वर्षी वाट पाहिली, दुसऱ्या वर्षी वाट पाहिली, तिसऱ्या वर्षी वाट पाहणं टाकलं. पुढल्या दारानं नाही, मागल्या दारानं नाही, कुणी आलं नाही." मग नाकाला पदर लावला. म्हणाली, "आणि तू मला मागल्या दारानं नेणार? माणसं हसतील. म्हणतील, म्हातारी टाकली."

"हसू देत."

"चिडशील."

"नाही चिडणार, मावशी."

सासूनं गाय शेजारणीकडे सोपवली. खण ल्याली, आरशात पाहिलं, "माकडीण दिसते" म्हणाली, तरी काढला नाही. मागल्या दाराशी आली. गुडघे दुखणारे, खाली चिखल. म्हादूनं हात पुढं केला. तिनं घेतला नाही. पहिल्या दगडावर पाऊल टाकलं, बरोबर बसलं. दुसऱ्यावर टाकलं, बरोबर बसलं. तिसऱ्यावर टाकलं, आणि तिथं ती थांबली. खाली पाहत राहिली. म्हादूनंही पाहिलं.

"माझ्या पावलाला बसवले होते रे," ती म्हणाली. "आणि मी चिमण्या म्हटलं."

मग तिनं हात पुढं केला. म्हादूनं धरला. पाणंदीला शेजारणी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. एकीनं वाट दिली, दुसरीनं गाठोडं उचलून दिलं. म्हातारीच्या पावलानं चालायचं, म्हणून दोन दिवसांची वाट त्यांना चार दिवस पुरली.

जशी त्या म्हातारीला चाळीस वर्षांनी हाक आली, तशी ज्या कुणी वाट पाहतात त्यांना येवो, आणि इतकी वर्षं न लागोत. म्हादूला जे जाळून कळलं, ते तुम्हा-आम्हाला न जाळता कळो. अंगणात पोळं धरलं तर वळसा घाला. उतू नका, मातू नका, आणि दमलो म्हणून घेतला वसा टाकू नका. थंडी पडते. साठा उत्तरांची ही कहाणी, पाच उत्तरांत सांगितली. उरलेली पंचावन्न ज्याच्या त्याच्या अंगणात, सुफळ होवोत, संपूर्ण होवोत.